ठकीची रात्रपाळी

६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर तिरकं दिसेल, कारण एका हातानं लिहिते आहे. दुसऱ्या हातात ठकी आहे. तिचं खरं नाव आम्ही ठेवलंय, पण ते शाळेत घालताना काढू. घरात सध्या ठकीच. तीन महिन्यांची झाली, तरी रात्री सलग दोन तास झोपली तर आम्ही एकमेकांकडे संशयानं बघतो.

फोन करत नाही, कारण मी बोलायला लागले की ही उठते. आणि खरं सांगू, महत्त्वाचं काही तोंडानं बोलायची आपल्या दोघींना सवय कुठे आहे? बाबा रात्रपाळी करून येऊन दिवसा झोपलेले, आई ओठांवर बोट ठेवून दारात उभी, आणि आपण दाराखालून चिठ्ठ्या सरकवतोय. तुझी एक चिठ्ठी मला अजून पाठ आहे. वेणी ओढलीस तर मी ओरडणार नाही, पण चावीन, असं लिहिलं होतंस.

आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात माझी रजा संपते. पुन्हा चष्म्याचं दुकान, पुन्हा काचा घासून फ्रेममध्ये बसवणं. त्या कामाला डोळा आणि हात दोन्ही ठिकाणावर लागतात, आणि परवा मी साखरेच्या डब्यात मीठ ओतलं. नवऱ्याला उठवावं तर पहाटेची पहिली बस त्याची. एकदा उठवलं, तर दुसऱ्या दिवशी तो एक थांबा विसरूनच पुढे गेला आणि एक आजोबा उतरेपर्यंत त्याचा उद्धार करत होते. मागे पन्नास माणसं बसलेली असताना त्यानं डुलक्या काढायच्या का?

बाबा तुझ्याकडे रात्रभर जागेच असतात ना? काचकारखाना सुटून इतकी वर्षं झाली तरी भट्टी डोक्यातून जात नाही, स्वयंपाकघरात दिवा लावून नुसते बसतात, असं तूच लिहिलं होतंस. एवढं चांगलं जागरण तिकडे फुकट चाललंय. थोडे दिवस मला उसने दे ना.

लोभ आहेच, सध्या जरा जादा लागेल.

तुझी,
धाकटी


१३ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बाबांना उसने दे म्हणे! ते काय इस्त्री आहेत? तरी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ना हो म्हणाले, ना नाही. मी सलूनमधून परत आले तर पिशवी भरून दाराशी ठेवलेली. आई गेल्यापासून सहा वर्षं माझ्याकडे आहेत, पण इतक्या लगबगीनं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या घरातून निघायची एवढी घाई, हे बघून जे वाटलं ते वाटलं.

तुला म्हणून सांगते, माझं सलून त्यांनी आजवर आतून पाहिलेलं नाही. घराच्याच खालच्या मजल्यावर आहे, चौदा पायऱ्या. पण मी दुकान उघडते तेव्हा ते झोपायला जातात आणि मी शटर ओढते तेव्हा उठतात. मी जन्मभर बायकांचे केस कापत आले, आणि माझ्या बापाचे केस कोपऱ्यावरचा माणूस रात्री नऊला कापतो.

आमची राणी लहान होती तेव्हा तिनंही मला असंच नाचवलं. तेव्हा कोण आलं होतं? आई आजारी, बाबा भट्टीवर. मी एकटीनं काढलं. असो, जुनं उगाळून काय मिळणार.

चहात साखर कमी घाल. पायांत मोजे लागतात. दिवसा झोपतील तेव्हा पडदे ओढून घे, त्यांना तिरीपसुद्धा चालत नाही. ड्रायव्हरसाहेबांना आशीर्वाद, ठकीला पापा. माया तुझ्यावर आहे, आणि बाबा परत पाठवलेस तर ती राहीलही.

तुझी,
ताई


४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी झोपले! ताई, मी सलग सहा तास झोपले, आणि उठल्यावर घाबरून आधी ठकीचा श्वास बघितला. मी दूध काढून ठेवते, बाबा बाटलीनं पाजतात, ढेकर काढतात, लंगोट बदलतात. पहिल्या लंगोटाला त्यांनी अशी गाठ मारली की ती सोडायला नवऱ्याला हत्यारांची पेटी काढावी लागली. आता सफाईनं करतात.

पण खरी बातमी पुढे आहे. बाबा बोलतात. ऐकते आहेस ना? आपले बाबा बोलतात. रात्री सगळे दिवे लावतात, ठकीला खांद्यावर घेतात आणि ओट्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत तिला भट्टीवरच्या गोष्टी सांगतात. वितळलेली काच नळीच्या टोकावरून कशी ओघळते, फुंकणाऱ्यांचे गाल कसे फुगतात. कुणी एक मुकादम होता, त्याला झोपेत चालायची खोड, म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला तो झोपला असताना बाकाला बांधून ठेवलं. बाबा त्या मुकादमाची नक्कलही करतात, मान टाकून, तोंड उघडं ठेवून.

मी दाराआड उभी राहून ऐकत होते. पुढे काय झालं ते ऐकायला म्हणून आत गेले, तर गप्प झाले आणि मला म्हणाले, जा, झोप तू. मग अंथरुणात पडून राहिले. झोप मिळाल्याचा आनंदच आहे गं, पण काहीतरी टोचलंही.

उद्यापासून दुकानात जाते आहे. सकाळी बाबा आणि ठकी दोघं झोपलेलीच असतात, दुपारी नवरा येतो, त्यामुळे काळजी नाही. तुझे पाय धरते, अजून थोडे दिवस ठेवू दे.

तुझी,
धाकटी


१० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझ्या पोटात दुखलं. आडून कशाला सांगू, सरळच सांगते. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची कपाळावरची झालर मी दोन बोटं जास्त कापली, ते पाप तुझ्या माथी.

सहा वर्षं मी त्यांच्यापुढे चहा ठेवते आहे. सहा वर्षांत माझ्या वाट्याला आलेली वाक्यं एका पोस्टकार्डावर मावतील आणि वर पत्ता लिहायला जागा उरेल. एकदा मीही रात्री उठून त्यांच्यासमोर जाऊन बसले होते. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. तहान लागली म्हणून उठले असं वाटलं त्यांना. मी पाणी प्यायले आणि परत येऊन झोपले.

आणि त्या चिमुरडीला नक्कल! जिला धड मान धरता येत नाही, तिला मुकादम कळला का? मला तर मुकादम होता हेसुद्धा तुझ्याकडून कळतंय. आणि त्याला बांधल्यावर पुढे काय झालं? अर्धवट गोष्ट सांगून लोकांची झोप उडवायची, हे ठकीकडून शिकलीस वाटतं.

राणी विचारत होती आजोबा कधी येणार म्हणून. तिला काय सांगू ते कळव. लोभ तुझ्यावर होताच, आता त्यातला थोडा मी काढून घेतलाय.

तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पोटात दुखलं म्हणून मी हसले होते. आता माझीच पाळी आली.

ठकी पहिल्यांदा खळखळून हसली. कुणाकडे बघून, ते सांगायला नको. कधी, तेही नको. सकाळी बाबांनी मला सांगितलं, अगदी हवामानाची बातमी सांगावी तसं, की काल पोरगी हसली बरं का, आवाज काढून. मी डबा भरत होते. तुला खोटं वाटेल, पण मला आनंद झाला नाही. माझ्या पोटची पोर, नऊ महिने मी वाहिली, आणि तिचं पहिलं हसू मला ऐकीव मिळालं.

मी कामावरून येते तेव्हा ही ढाराढूर. उचलली तर किरकिरते आणि माझ्या खांद्यावरून बाबांच्या दाराकडे बघते. रविवारी दिवसभर तिच्या उशाशी बसले. एकदा डोळे उघडले, मला पाहिलं आणि मिटले. दुकानातल्या गिऱ्हाइकाला मी याहून जास्त ओळखीची वाटते.

घरात दिवसभर पडदे ओढलेले. आम्ही कुजबुजून बोलतो, नवरा बूट दाराबाहेर काढून चवड्यांवर आत येतो. बेलमध्ये मी कापूस कोंबलाय. काल कुकरला शिट्टी यायच्या आधीच मी गॅस बंद केला, आपली आई करायची तसा, आणि माझं मलाच ते नंतर कळलं. रात्री मात्र स्वयंपाकघरात नुसता उजेड आणि गप्पा, आणि मी पलीकडच्या खोलीत उशीत तोंड घालून पडलेली. बाबांचा मला हेवा वाटतो, ताई. आणि ठकीचा त्याहून जास्त वाटतो. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण तुला लिहायचं नाही तर कुणाला?

थोडीशी आठवण ठेव.

तुझी,
धाकटी


५ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

अगं शहाणे, तुम्ही पोरीला रात्रपाळीला लावलंय! दिवसभर अंधार आणि चिडीचूप, रात्री दिवे आणि नकला. ती काय घड्याळ बघून जन्माला आलीय? तिच्या लेखी सूर्य स्वयंपाकघरात उगवतो. दुसऱ्या कुठल्याही घरात ही चूक महिनाभर चालली नसती, कुणीतरी आठवड्यातच पडदा सरकवला असता. पण आपल्याला दिवसा कुणी झोपलेलं दिसलं की पाय आपोआप चवड्यांवर जातात. पडदे ओढ म्हणून मीच लिहिलं होतं, तेव्हा माझं शहाणपणही त्यातच आलं.

पडदे उघड. भांडी आपट. दिवसा तिच्याशी बोल, रेडिओ लाव. रात्री दिवा मिणमिणता, तोंड बंद, पाजायचं आणि ठेवायचं. चार-आठ दिवस रडेल, मग येईल वळणावर.

आणि बाबांना परत पाठव. रात्री गप्पच बसायचं असेल तर ते काम त्यांना माझ्याकडेही छान जमतं. हे मी रागानं लिहिते आहे का? हो, थोडंसं.

माया तीच आहे, फक्त तिला सध्या जरा ताप आलाय.

तुझी,
ताई


२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी बाबांना सांगितलं. जपून, शब्द निवडून. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर घरातले सगळे पडदे त्यांनीच सरकवलेले, आणि ठकीला घेऊन गॅलरीत उन्हात उभे. बसले तर झोप लागेल म्हणून उभे. डोळे लाल, तोंडावर सारखं पाणी मारतायत. दिवसभर जागे राहिले. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. दुपारी तिला बाबागाडीत घालून रस्त्याच्या टोकापर्यंत नेतात, तिथे गवंडी काम करतात ते दाखवतात, आणि त्या ठोकाठोकीत मोठमोठ्यानं बोलतात. रात्री दिवा बारीक करून तोंडाला कुलूप. ठकी पहिल्या रात्री खूप रडली, आता एकदा-दोनदाच उठते.

मला बरं वाटायला हवं होतं. चौथ्या दिवशी कामावरून आले तर ते भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेंगत होते आणि ठकी त्यांच्या बनियनची बाही चोखत होती. मला काय झालं कोण जाणे. मी बोलून गेले की हिच्यासाठी तुम्ही एका दिवसात पाळी बदललीत, आमच्यासाठी जन्मात नाही बदलली. ताई शाळेच्या नाटकात राजा झाली होती, दुपारचं नाटक होतं, तेवढंही तुम्ही आला नाहीत, असं म्हणाले. आवाज चढला माझा. आपल्या जुन्या घरात कुणाचा कधी चढला नसेल इतका.

बाबांनी विचारलं की कधी होतं नाटक. मी म्हटलं, ताई सातवीत असताना. ते बराच वेळ ठकीच्या टाळूवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले की मला माहीतच नव्हतं, मला कुणी उठवलंच नाही. तक्रार म्हणून नाही गं. सापडत नसलेली वस्तू अचानक दिसावी तसं म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवऱ्यानं सगळं ऐकलं होतं. आज डेपोत जाऊन त्यानं दुपारची पाळी मागून घेतली. पहिली अर्धी रात्र त्याची, पुढची माझी. दुपारी तो निघाल्यापासून मी येईपर्यंतचे तीन तास पाळणाघर. तेव्हा बाबा आता तुझे. पण ते मनापासून देते आहे असं समजू नकोस.

तुझी,
धाकटी


२६ मार्च

चि. धाकटीस,

आज आशीर्वाद नंतर.

उठवलंच नाही म्हणे! उठवायचं कुणी? आईनं ओठांवर बोट ठेवलं की आपल्या घरात माशीसुद्धा वळसा घालून जायची. तुला एक गोष्ट माहीत नाही. त्या नाटकानंतर मी राजाच्या मिशा काढल्याच नाहीत. बाबा उठतील तेव्हा त्यांना दिसाव्यात म्हणून त्यांच्या दाराबाहेर फरशीवर बसून राहिले. हात वर केला होता दार वाजवायला. मग खाली घेतला. ते उठले तोपर्यंत मिशा घामानं ओघळून गेल्या होत्या, आणि त्यांनी मला तोंड धुऊन ये म्हणून सांगितलं.

तेव्हा एकदा दार वाजवलं असतं तर? काल रात्रभर मी हाच विचार करत होते.

पाठव त्यांना. आता मी उठवीन. आशीर्वाद घे.

तुझी,
ताई


४ एप्रिल

चि. मोठीस,
अ. उ. आ.

रविवारी दुपारच्या गाडीनं येतो. हल्ली दुपारी जागा असतो. इकडे सर्व ठीक. पोरगी गुणी आहे. धाकटीची चष्म्याची कामं चांगली असतात, मी दुकानात जाऊन पाहून आलो. तुझंही दुकान पाहायचं आहे. केस वाढले आहेत.

तुझा,
बाबा


१५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माल पोचला असेलच. निघताना त्यांनी ठकीच्या कानात काहीतरी सांगितलं, आम्हाला नाही. तुला पहिल्याच पत्रात केस कापायला सांगितलं, हे कळल्यावर मला कसं झालं असेल ते तू ओळखशील. माझ्याकडे अडीच महिने होते, चष्मा जुनाच घालून गेले.

आमच्या रात्री आता वाटून घेतल्या आहेत. नवरा उशिरा येतो, जेवतो आणि ठकीची पहिली उठण्याची वेळ सांभाळतो, पुढची मी. बसचे सगळे थांबे ओळीनं पुटपुटत तिला थोपटतो, आणि शेवटच्या थांब्याच्या आत ती झोपते. माझ्याकडे तिला दुप्पट वेळ लागतो. म्हणजे बाबा तुझ्याकडे गेले तरी माझी जळण्याची सोय झालेलीच आहे.

पण काल भर दुपारी, सुटीच्या दिवशी, मी चष्मा पुसत होते आणि ती माझ्याकडे बघून हसली. आवाज काढून. घरात दुसरं कुणी नव्हतं, मी दोनदा मागे वळून पाहिलं.

तुझाही लोभ आता दिवसाउजेडी मिळू दे.

तुझी,
धाकटी


३ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे तुला कळवायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुझा जळफळाट होणार नसेल तर या सुखात अर्थ काय?

बाबा सलूनमध्ये आले. चौदा पायऱ्या उतरून, दुपारी, माझ्या ऐन गर्दीत. चारही खुर्च्या भरलेल्या, ड्रायरचा आवाज, रेडिओ, आणि बायकांच्या गप्पांना तर तू ओळखतेसच. मला आवाज लागतो, आवाजाशिवाय माझी कात्री चालत नाही. बाबा दारात थांबले, सगळीकडे बघितलं, आणि एक खुर्ची रिकामी होताच तिच्यात जाऊन बसले. मी गळ्याभोवती कापड बांधलं. माझ्या बापाच्या मानेवर उजव्या बाजूला भाजल्याचा डाग आहे, हे मला या वयात कळलं. हा कशाचा म्हणून विचारलं आणि गाडी सुरू झाली. भट्टी, नळी, फुंकणारे आणि मुकादम. नक्कलसुद्धा केली, आरशात बघून. डोक्याला रंग लावून बसलेली बाई इतकी हसली की रंग कानावर ओघळला.

मुकादमाला बाकाला बांधलं, इथवर गोष्ट आली आणि बाबांची मान खाली गेली. झोपले. दुपारची सवय इतक्या लवकर कुठे जायला? आणि धाकटे, माझं बोट आपसूक ओठांवर गेलं. माझ्या हाताखालच्या पोरींनी ड्रायर बंद केले, कुणीतरी रेडिओ बारीक केला, सगळ्या बायका चिडीचूप. मी आरशात पाहिलं तर खुर्चीत बाबा झोपलेले आणि त्यांच्यामागे ओठांवर बोट ठेवून आई उभी. कात्री धरलेली होती म्हणून ओळखलं की ती मी आहे.

मी बोट काढलं. खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना हलवलं. बाबा, उठा, असं म्हणाले. जन्मात पहिल्यांदा म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं काही नाही, सहज उठवलं. ते म्हणाले, बरं केलंस. आणि मग आजूबाजूला बघून विचारलं की या सगळ्या गप्प का बसल्यात, बोला की. पुन्हा कालवा सुरू झाला. मग मला विचारलं, कुठे होतो मी? मी म्हटलं, मुकादमाला बाकाला बांधलंत. हां, म्हणाले, आणि पुढे सांगितली. शेवटपर्यंत.

तेव्हा मुकादमाचं काय झालं ते मला माहीत आहे, आणि तुला नाही. पत्रात लिहिणार नाही. ऐकायची असेल तर पोरीला घेऊन इकडे ये, दुपारी ये, आणि बाबा झोपलेले दिसले तर उठव.

लोभ आहे, तुला पुरून उरेल इतका. तोपर्यंत खुशाल जळ.

तुझी,
ताई